डेव्हलपमेंटवाले झोडेभाऊ

झोडेभाऊंना तुम्ही ‘कसं काय?’ विचारलंत, तर ते तब्येत सांगत नसत. उलट विचारत, ‘‘काय गा, डेव्हलपमेंटचा नवा अर्थ सापडला का?’’

गृहस्थ मूळचे खाप्याचे, शिक्षण मॅट्रिक. नागपूरच्या आमच्या सरकारी कचेरीत माझ्या टेबलाला टेबल लावून बसत. इंग्रजीतला हा एकच शब्द त्यांनी धरला होता आणि त्याचे अर्थ ते खिशातल्या वहीत गोळा करत. फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत उभं राहून त्यांनी कागदावर चेहरा उमटताना पाहिला होता. तो एक अर्थ. पडीक जागेत रस्ते आणि नळ येतात, तो दुसरा. पेपरातली ताजी घडामोड, तिसरा. आखाड्यातल्या वस्तादाकडून त्यांनी दंडाच्या बेटकुळीचाही अर्थ आणला होता. तो सांगताना ते बाही वर करत. बाहीत काहीच नसे.

मी बी.ए., तेही इंग्रजी घेऊन. पण नोकरीच्या बारा वर्षांत मला कुणी एका शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. त्या काळात प्रत्येक सरकारी योजनेच्या कागदावर हा शब्द येऊ लागला होता. एकदा बैठकीत साहेबांनी त्याचा नेमका अर्थ विचारला. मी घसा खाकरेपर्यंत झोडेभाऊंनी पाच सांगून टाकले. साहेबांनी त्यांना स्वतःच्या खोलीत नेऊन चहा पाजला. घरी हे सांगितलं, तर आपल्या पोराच्या इंग्रजीचं झोडेभाऊंनाच विचारा, असं बायको म्हणाली. मला जेवण गेलं नाही.

मग सीताबर्डीच्या वाचनालयात बसून मी जाडजूड कोश चाळला आणि त्यांच्या वहीत नसलेला एक अर्थ शोधून काढला. तो त्यांच्या तोंडावर, घरच्यांसमोर फेकायचा, असं ठरवून रविवारी महाल भागातल्या त्यांच्या घरी गेलो.

झोडेभाऊ ओट्यावर बसून दहा-अकरा वर्षांच्या मुलीची वेणी घालत होते. मुलगी मला पाहून छान हसली. नाव विचारलं, तर पुन्हा हसली.

‘‘आमची मंदा. ते बोलत नाही,’’ ते म्हणाले.

ती चार वर्षांची असताना त्यांनी तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं होतं. डॉक्टर आपल्या हाताखालच्यांशी इंग्रजीतच बोलत राहिले. झोडेभाऊंना त्यातला एकच शब्द ऐकू आला, आणि तो या पोरीत नाही, एवढंच कळलं.

‘‘तिथं पुसाले लाज वाटली मले. बाहेर एकानं सांगितलं, विकास. म्हटलं, एवढा मोठा शब्द, त्याले एकच अर्थ थोडी असंन? एखादा तरी इले लागू होईन.’’ वेणीला रिबीन बांधून त्यांनी वर पाहिलं. ‘‘तुम्ही कसे काय आले?’’

मी खाली बघत सांगितलं, की कोशात सापडलं, या शब्दाचा मूळ अर्थ वाढणं नाहीच. गुंडाळून ठेवलेलं उलगडणं, असा आहे. म्हणजे आत सगळं असतंच.

झोडेभाऊंनी वही काढली नाही. त्यांनी दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली.

‘‘अवं, बाहेर ये. हे काय सांगून राहिले, पाह्य.’’

त्या पिठाचे हात घेऊनच आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

‘‘सांगा गा भाऊ,’’ झोडेभाऊ म्हणाले, ‘‘पुन्हा एकदा सांगा.’’

मी मान वर केली आणि पहिल्यापासून सांगू लागलो.