बूट घट्टच हवा

थंडीत डोंगरावर जाताना काय घालावं, याबद्दल कुणाला काही शंका असेल तर खुशाल मला विचारा. मी स्वतः अजून बर्फ पाहिलेला नाही, पण त्यानं काही बिघडत नाही. पोहण्यावर बोलायला माणसानं मासाच असायला हवं असं कुठे आहे?

लग्न झाल्यापासून बायकोचं एकच म्हणणं होतं, एकदा बर्फात जाऊया. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, दर हिवाळ्यात बर्फावर घसरायला, त्या स्कीइंगला, जातो आणि परत आला की आमच्याच सोफ्यावर बसून आम्हाला त्याचे व्हिडिओ दाखवतो. ते बघताना बायकोचा चेहरा असा काही होतो की मला माझ्याच घरात चोरट्यासारखं वाटतं. या वर्षी मेहुणा म्हणाला, "दाजी, चला की तुम्हीही. सामानाची चिंता नको, सगळं तिथे भाड्यानं मिळतं."

भाड्यानं! कुणाच्या तरी घामट पायातून उतरलेला बूट मी चढवायचा? मी म्हटलं, "आम्ही येतोय. आणि सामान आमचं स्वतःचं असेल."

मग महिनाभर मी अभ्यास केला. अंगावर तीन थर हवेत. आतला पातळ, घाम बाहेर टाकणारा. मधला लोकरीचा, ऊब धरणारा. वरचा वारा आणि पाणी अडवणारा. आणि सुती बनियन म्हणजे तर साक्षात वैरी, घामानं भिजलं की वाळायचं नाव घेत नाही आणि माणसाला आतून गारठवतं. हे कळल्यावर मी कपाटातली सगळी सुती बनियनं गाठोड्यात बांधून टाकली. लेक म्हणाली, "बाबा, आपण अजून घरातच आहोत." हल्लीच्या मुलांना पूर्वतयारी ही गोष्टच माहीत नाही.

टोप्या, हातमोजे, गॉगल, तिघांचे तिन्ही थर, सगळं बिनचूक घेतलं. अडलं ते बुटांवर. बायको आणि लेक म्हणाल्या, आम्ही भाड्याचे घेऊ. मी मात्र दुकानात सर्वांत वरच्या फळीवरचा जोड मागितला. राखाडी, टणक, लोखंडी कड्यांचा. खोक्यावर हवेत उडणाऱ्या माणसाचं चित्र होतं.

दुकानातल्या बाई म्हणाल्या, "हे शर्यतीवाल्यांचे आहेत. तुम्ही पहिल्यांदाच जाताय ना? मऊ घ्या. आणि एक नंबर मोठा."

"बूट घट्टच हवा," मी म्हटलं. "सैल बूट आणि सैल कारभार, दोन्ही माणसाला तोंडावर पाडतात."

बायकोनं छताकडे पाहिलं. ती माझ्या मतांचा विचार करायला नेहमी तिकडेच पाहते.

"बरं," बाई म्हणाल्या, "मग आधी घरात थोडा थोडा वेळ घालून बसा, आतलं अस्तर पायाचा आकार घेईल. पण थंडीत घालून बसू नका. वरचं प्लास्टिक गारठलं की कडक होतं, मग पाय निघत नाही. ऊब मिळाली की होतं पुन्हा मऊ." यातलं पहिलं वाक्य मी नीट ऐकलं. दुसऱ्या वाक्यापासून मी आरशात बघत होतो.

आता ऑफिसचं सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे. आमची पुठ्ठ्याची खोकी बनवायची कंपनी. माल रवाना करायच्या विभागात आम्ही दोघंच, मी आणि माझा सहकारी. त्याला सगळे 'तय्यार' म्हणतात, कारण कशालाही तो तयार असतो. हिवाळ्यात मालाची घाई, म्हणून दोघांपैकी एकालाच रजा मिळते. साहेबांनी मला बजावलं होतं, "शिल्लक मालाच्या बैठकीला हजर राहा, तिथेच तुमच्या रजेवर सही करतो. नाही आलात तर रजा त्याची." तय्यार शेजारीच उभा होता. त्यानं मान हलवली, म्हणजे तो तयारच होता.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो, म्हटलं ऑफिसला जायच्या आधी बूट जरा मुरवून घेऊ. घालताना छान गेले. कड्या शेवटच्या खाचेपर्यंत आवळल्या. मग डोक्यात आलं, बूट बर्फासाठी आणि मी बसलोय गरम खोलीत, याला काय अर्थ आहे? चहाचा कप घेऊन गॅलरीत जाऊन बसलो. बाहेर मरणाची थंडी. चहा संपला, पेपर संपला, शेजाऱ्यांना बूट दाखवून झाले आणि मी आत आलो.

कड्या उघडल्या, पण बूट उघडेना. प्लास्टिकचा नुसता दगड झालेला. बायकोनं डावा बूट धरला, लेकीनं बायकोला धरलं आणि दोघींनी असा हिसका दिला की बूट निघाला आणि त्या सोफ्यावर जाऊन पडल्या. उजवा मात्र हटून बसला. बायकोनं फटीतून चमचाभर तेल सोडलं. काही नाही. आणखी एक चमचा सोडला. आत नुसतं बुळबुळीत झालं, बूट तसाच.

"अहो, कापूया का?"

"बुटाला हात लावशील तर खबरदार!"

"मी पायाबद्दल विचारत होते," ती म्हणाली.

बैठकीची वेळ जवळ आलेली. शेवटी उजव्या पायात तोच बूट, डाव्या पायात रोजचा, असा मी निघालो. कड्या उघड्याच ठेवल्या, न जाणो वाटेत निसटला तर! त्या बुटाची टाच चांगली चार बोटं उंच, त्यामुळे प्रत्येक पावलाला मी उजवीकडे वर आणि डावीकडे खाली. वरून पॅन्ट असल्यानं खाली नुसतं राखाडी प्लास्टिक आणि पट्ट्या दिसत होत्या. बसमध्ये एका आजोबांनी उठून मला जागा दिली. मी नको नको म्हणालो आणि बसलो.

ऑफिसच्या दारात स्वागतकक्षातल्या बाईंनी मला पाहिलं आणि फोन खाली ठेवला. "अगंबाई, पायाला काय झालं? माझ्या दिरालाही डॉक्टरांनी अस्साच बूट दिला होता, हाड मोडलं तेव्हा."

आता माझी बाजू ऐका. मी त्या दिवशी एकही शब्द खोटा बोललो नाही.

"कुठे झालं हे?" त्यांनी विचारलं.

"गॅलरीत."

"कसं?"

"जरा जास्तच आवळलं गेलं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला अजून दाखवलंच नाही."

"मग हे बांधलं कुणी?"

"मीच."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मी पुढे खुलासा करणार होतो, देवाशपथ, पण तेवढ्यात चाकांची खुर्ची आली, चहा आला आणि दोघांनी मिळून मला अलगद बसवलं. सकाळपासून पहिल्यांदाच पायाला आराम मिळाला होता. म्हटलं, चहा होऊ दे, मग सांगू.

चहा संपेपर्यंत गोष्ट वरच्या मजल्यावर पोचली होती. हिशेब विभागात पाय एका ठिकाणी मोडला होता, छपाईत दोन ठिकाणी, आणि गोष्ट साहेबांच्या केबिनपर्यंत पोचेपर्यंत मी मोडलेलं हाड स्वतःच्या हातानं जागेवर बसवून, दवाखान्यात न जाता थेट बैठकीला आलो होतो.

मला खुर्चीसकट बैठकीत नेलं. सगळे उठून उभे राहिले. अठरा वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी खुर्चीवरून हललं नव्हतं, त्यामुळे मला भरून आलं. साहेबांचाही आवाज कापत होता. "याला म्हणतात कामाची निष्ठा," ते म्हणाले. "आपण सर्दी झाली तरी दांडी मारतो. आणि हा माणूस बघा." त्यांनी आपला स्वतःचा हीटर उचलून आणला आणि माझ्या उजव्या पायापाशी ठेवला. "शेक लागू दे. बरं वाटेल."

मग त्यांनी माझा रजेचा अर्ज पुढे ओढला. माझं सगळं लक्ष त्यांच्या पेनाकडे.

"आता या पायानं बर्फात जाणं म्हणजे जिवाशी खेळ," साहेब म्हणाले. "ते मी होऊ देणार नाही. ही रजा तय्यारला दिली. तुम्ही घरी राहून पूर्ण विश्रांती घ्या."

"मी एका पायावर तयार आहे, साहेब," तय्यार म्हणाला. एका पायावर मी होतो आणि तयार तो होता. बसल्या बसल्या त्यानं घरी फोनसुद्धा लावला. पलीकडून पोराबाळांचा आनंदाचा गोंगाट सगळ्यांना ऐकू आला.

माझ्या डोळ्यांसमोर बायको आली, सोफ्यावर बसून भावाचे व्हिडिओ बघणारी. म्हटलं, गेली अब्रू तर जाऊ दे, बर्फ जाता कामा नये. "साहेब," मी म्हणालो, "मला काही सांगायचंय." आणि जोर यावा म्हणून पाय उचलून दुसऱ्या पायावर टाकायला गेलो.

दुकानातल्या बाईंचं न ऐकलेलं वाक्य तेव्हा खरं ठरलं. हीटरच्या उबेनं प्लास्टिक मऊ झालं होतं, आत दोन चमचे तेल होतंच. फसकन आवाज झाला, बूट सुटून टेबलावर उडाला, घसरत गेला आणि साहेबांच्या पुढ्यात जाऊन थांबला. माझा पाय सगळ्यांसमोर हवेत. लेकीनं निवडलेला पिवळा मोजा, तेलानं निथळणारा, आणि आत पाचही बोटं आनंदानं हलत होती. किती वेळानं मोकळी झाली होती बिचारी!

साहेबांनी बुटाकडे पाहिलं. मग पायाकडे. मग पुन्हा बुटाकडे.

"हाड?" त्यांनी विचारलं.

"हाडाबद्दल मी काहीच बोललो नव्हतो, साहेब," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं, दुकानापासून गॅलरीपर्यंत. छपाईवाले इतके हसले की बैठक थांबवावी लागली. साहेब हसले नाहीत.

"तय्यारच्या घरी कळलंय, आता शब्द मागे घेणं बरं दिसत नाही," ते म्हणाले. "आणि विश्रांती मी मोडलेल्या पायासाठी दिली होती. तुमचा पाय ठणठणीत आहे. म्हणजे आठवडाभर माल चढवायच्या धक्क्यावर तुम्हीच उभे राहाल."

घरी येऊन सांगितलं. बायको रागावेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "तुमच्याशिवाय मला नाही जायचं." मीच तिची समजूत घातली, लेकीसोबत मेहुण्याच्या गाडीत बसवून दिलं. गाडी वळेपर्यंत ती मागे बघत होती. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. मागे वारा आणि लेकीचं खिदळणं. "अहो, किती पांढरं आहे हो सगळं! तुम्ही हवे होतात. आणि तुमचे ते थर अगदी बरोबर निघाले हं. इथे सगळे कुडकुडतायत, आम्ही दोघी मजेत."

माझी छाती अशी फुगली म्हणता. "आणि बूट?" मी विचारलं.

"भाड्याचे. लोण्यासारखे मऊ. तुम्ही कुठे आहात?"

"धक्क्यावर," मी म्हटलं.

तर कपड्यांबद्दल माझा शब्द प्रमाण माना. धक्क्यावर समोरून सुसाट वारा येतो आणि हमाल शेकोटीपाशी काकडत असतात, पण मी तिन्ही थर, टोपी, हातमोजे आणि गॉगल लावून उभा असतो. मला थंडी म्हणून वाजत नाही. बूटही वाया गेलेला नाही. गोदामाचं दार वाऱ्यानं सारखं आपटायचं, आता तो दारात अडकवून ठेवलाय आणि दार जागचं हलत नाही. मी म्हणतच होतो, बूट घट्टच हवा.