डावा पाय उत्तम

निवृत्त हेडक्लार्क आबांचं ठाम मत होतं: जगात कुठलंच काम अडत नाही, अडतो तो नीट न भरलेला अर्ज! त्यामुळे उजवी टाच ठणकू लागली तेव्हा ते घाबरले नाहीत, उलट खुललेच. शनिवारी नातीच्या शाळेत आजी-आजोबा आणि नातवंडांची तीन पायांची शर्यत होती, आणि आमचे आबाच जिंकणार असा डंका तिने वर्गभर पिटला होता. हाताशी आठ दिवस होते.

पायांचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसत. आजी म्हणाल्या, सरळ जाऊन दाखवून या. आबांना हा शुद्ध अडाणीपणा वाटला. तिथे आपला विमा चालतो की नाही, हे आधी लेखी नको? फोनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. फोनला जावक क्रमांक नसतो!

मग सुरू झाली पायपीट. विमा कचेरी म्हणे दवाखान्याचा नोंदणी क्रमांक आणा, दवाखाना म्हणे कचेरीचं पत्र आणा. कचेरी तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. आबा लंगडत चढत, लंगडत उतरत. अर्जात ‘इतर तक्रारी’ असा रकाना होता. रकाना कोरा सोडणं आबांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘नाहीत. डावा पाय उत्तम,’ आणि खाली सही ठोकली.

शुक्रवारी मंजुरी आली. पण आठवडाभर सगळा भार सोसून एव्हाना डावा घोटा सुजून टम्म झाला होता. कचेरीतल्या बाईंनी फार अदबीने सांगितलं, की मंजुरी उजव्या पायाची आहे, डाव्याबद्दल तर तुमचीच सही आहे.

शेवटी आजींनी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही पाय दाबून पाहिले.

“टाचेला विशेष काही नव्हतं. चार दिवस बसून राहिला असतात तरी थांबलं असतं. इतके दिवस करत काय होतात?”

आबांनी फाईल छातीशी धरली.

“बसायची परवानगी काढत होते,” आजी म्हणाल्या.

घरी नात दारातच उभी होती. तिला पाहून आबांना भडभडून आलं.

“उद्या मला पळता नाही यायचं गं.”

“माहितीये आबा. मी सोमवारीच शाळेत बाईंना आजीचं नाव सांगितलं. तुम्ही कचेरीत गेलात की आम्ही रोज सराव करतो!”