बाबूअण्णा आणि परत आलेला हिरो

पृथ्वी वाचवायला आलेला उडता हिरो आमचे शेजारी बाबूअण्णा आधी म्हशीसारखा पारखून घेतात. "पाठ बरी हाय," थिएटरच्या अंधारात ते मला मोठ्याने सांगतात, "पन पायाकडं बघा सर. कुठं राबलेला दिसत न्हाई."

अण्णा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल आहेत. त्यांच्या वयाची माणसं गावात भजनाला बसतात. अण्णा माझ्या मोटारसायकलवर मागे बसून नगरला परग्रहावरच्या लढाया बघायला येतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे शंका विचारायला मी बरा पडतो.

हल्लीच्या सिनेमांवर त्यांचा भयंकर राग आहे. "म्हैस तीच, शिंगाला तेल नवं," हे त्यांचं ठरलेलं परीक्षण. तरी पहिल्या दिवसाचा पहिला खेळ चुकवत नाहीत. शेवटच्या पाट्यांनंतर एखादा तुकडा दाखवतील म्हणून खुर्चीही सोडत नाहीत. झाडूवाला येतो, अण्णा पाय वर घेतात, तो खालून झाडून पुढे जातो. दोघांची आता चांगली ओळख झाली आहे.

खरं भांडण मेलेल्यांवरून. एका भागात हिरो मेला, तेव्हा अण्णांनी रीतसर टोपी काढली होती. पुढच्या भागात तो हसत परत आला. अण्णा ताडकन उभे राहिले. "मेला म्हंजी मेला! आमी काय येडे हाय का रडायला?" मागून कुणीतरी "बसा ओ" म्हणालं, तेव्हा बसले.

मला काही हसू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी अण्णांची बायको, आमच्या काकू, गेल्या. आधी अण्णांबरोबर सिनेमाला त्याच यायच्या आणि हिरोला मार पडला की डोळ्याला पदर लावायच्या. त्या गेल्यापासून अण्णांनी त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

गेल्या महिन्यात नवा भाग पाहिला. त्यात हिरो दार उघडून दुसऱ्याच जगात जातो, तर तिथे त्याची मेलेली बायको निवांत कपडे वाळत घालतेय. अण्णा आता उठणार म्हणून मी त्यांचा दंड धरला. ते उठले नाहीत.

परतताना चहाला थांबलो. अण्णांनी कपाला हात लावला नाही.

"सर, अशी दुसरी जगं खरंच असत्यात?"

"काही शास्त्रज्ञ म्हणतात, असतील."

"तिकडं मी बी असंन?"

"असाल की."

"तिच्या छातीत दुखत हुतं. म्हनली, आज नका जाऊ. मी म्हनलं, बाजार करून येतो, मग दवाखान्यात जाऊ." अण्णा रस्त्याकडे बघत होते. "तिकडचा मी गेला नसंल ना हो बाजाराला?"

पुराव्याशिवाय बोलू नये, हे मी मुलांना रोज शिकवतो.

"नाही गेले, अण्णा. सकाळीच काकूंना घेऊन दवाखान्यात गेले."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "एकाला तरी अक्कल हाय."