पिंटूची तीट

अपेक्षानं व्हिसासाठी काढलेल्या फोटोंचं पाकीट उघडलं. पिंटूच्या एकूण एक फोटोवर, डाव्या गालावर, काळीभोर तीट होती.

"आई! हे तुम्ही केलं?"

"मंग? कोण करन?" सासूबाई, मैनाबाई, शांतपणे म्हणाल्या. "फोटो तिकडं कोणाकोणाच्या हातात जाईन. नजर नाही लागत का लेकराले?"

दुपारी व्हिसाचा अर्ज द्यायचा होता आणि त्याच्या फोटोवर डाग चालत नव्हता. ही तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल, देव जाणे. तिकडे जर्मनीत तिचा नवरा सुशील पाळणा आणून बसला होता. पोराला त्यानं अजून फक्त मोबाईलवरच पाहिलं होतं.

अपेक्षानं तीट पदरानं पुसली. काजळ घरचं, तुपातलं. ते असं पसरलं की पिंटूला मिशा आल्या.

झालं! सगळी वरात गांधीबागेत, कवडूच्या फोटो स्टुडिओत. कवडूनं चाव्या वाजवल्या, कुत्र्यासारखं भुंकून दाखवलं. पिंटूनं भोकाड पसरलं.

"तोंड बंद, डोळे उघडे, मान सरळ," कवडूनं घाम पुसला. "मोठ्या माणसाले नाही जमत ताई, हे तं लेकरू आहे."

"आण इकडं," मैनाबाई म्हणाल्या. आजीच्या मांडीवर जाताच पिंटू गप्प. पण फोटोत आजी चालणार नव्हती. तेव्हा आजीवरच पांढरी चादर पांघरायचं ठरलं.

"पण आई, तीट नाही लावायची. माझी शप्पथ आहे."

"नाही लावत वं." मैनाबाईंनी पाठ फिरवून काजळाची डबी उघडली, मिटली. अपेक्षानं झडप घालून पिंटूचे गाल, कानशिलं, तळपाय तपासले. सगळं लख्ख.

चादर पडली. पिंटूनं ऐटीत समोर पाहिलं. खटॅक!

"एक नंबर!" कवडू ओरडला.

चादर निघाली. आत मैनाबाई घामानं निथळत होत्या, आणि त्यांच्या सुरकुतल्या गालावर ही एवढी मोठी तीट.

"हे काय, आई?"

"तुही शप्पथ होती ना, पोराले नाही लावली. जे काही लागन ते मले लागू दे. मी तं काही तिकडं येऊन नाही राहिली."

अपेक्षानं पदरानं सासूचा घाम टिपला, तीट तेवढी सांभाळून.

"कवडूभाऊ, चादरीशिवाय आणखी एक घ्या. आजी-नातवाचा."

"व्हिसाले चालन का हा?"

"हा माझ्यासाठी आहे," अपेक्षा म्हणाली. "याच्यावर डाग चालतो."