मुंगीची पावलं

इंजिनिअरबाई आल्या तरी कंत्राटदार स्वयंपाकघराच्या मधोमध सिमेंटच्या पोत्यावर बसून होता. काही केल्या उठेना. पोत्याखालच्या जमिनीच्या कोब्यात कुत्र्याची पावलं उमटली होती. घर दोन महिने रखडल्याचा ठपका आधीच डोक्यावर. त्यात ही कारागिरी बाईंना दिसली असती, तर पुन्हा कुणी त्याला कुंपणाची भिंत बांधायलाही बोलावलं नसतं.

बाई खास बांधकामाला झालेल्या उशिराचीच भांडणं सोडवायच्या. त्या म्हणतील ते मान्य, असं दोघांनी लिहून दिलं होतं.

"कोबाच मुळी यांनी गेल्या महिन्यात घातला!" घरमालक म्हणाला. "त्यापायी सगळं अडलं."

"चार महिने झाले कोब्याला! नंतर तुमचीच ओट्याची उंची ठरेना. आज तुमची, उद्या वहिनींची!"

"नोंदवही?" बाईंनी विचारलं.

"काँक्रीटच्या मिक्सरमध्ये पडली, बाई. आता जिन्याच्या तिसऱ्या पायरीत आहे."

घरमालक फिस्सकन हसला. बाई हसल्या नाहीत. टॉर्च घेऊन त्या जिन्यापाशी गेल्या. तिसऱ्या पायरीतून पुठ्ठ्याचा लाल कोपरा खरोखरच डोकावत होता.

"खरं बोलता तुम्ही. आता उठा."

"पाय आखडलाय."

"हात देते की."

पोतं सरकलं. कंत्राटदाराला तोंड कुठे लपवू असं झालं. बाईंनी मात्र खाली फतकल मारली आणि टेप काढली. "कुत्रं कुणाचं?"

"अगं बाई, ही तर आमची मुंगी!" मालकीण धावत आली. "म्हणूनच त्या दिवशी पाय माखून आली होती! मोजे घातल्यासारखी दिसली, म्हणून मी फोटो काढला होता."

फोनमधल्या फोटोवर तारीख होती. चार महिन्यांपूर्वीची. तेवढ्यात नाव ऐकून मुंगी आली, ती वासराएवढी. बाईंनी तिचा पंजा ठशावर ठेवला. ती पिल्लू असतानाचा खालचा ठसा दिसेनासा झाला.

घरमालक ओट्याकडे बघू लागला. कंत्राटदाराचे डोळे भरून आले. जी पावलं तो चार महिने लाजेने झाकत होता, तीच बाईंनी पाच मिनिटांत वाचली होती. काय नजर बाईंची! त्याने मनोमन हात जोडले.

"हा कोपरा वेगळ्या रंगाचा का?" बाईंनी विचारलं.

"तिला पकडायला धावलो नि तिथे आपटलो. उखडून पुन्हा केला."

"मग तेवढा उशीर तुमचा. आठ दिवस धरू?"

घरमालकाने आशेने मान वर केली.

"नऊ," कंत्राटदार म्हणाला.

बाई पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी नऊ लिहिले.