गादीच्या उजवीकडचा माणूस

सन १९५६. नोव्हेंबरच्या एक तारखेला आमचा मध्यभारत संपला आणि मध्यप्रदेश सुरू झाला. ग्वाल्हेरची कार्यालये एकेक करून भोपाळला निघाली. आधी टेबले गेली, मग खुर्च्या, आणि बसायला काही उरले नाही तेव्हा माणसेही गेली. आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या त्या नावाच्या वस्तीत, तेव्हा कोणी कोणाला ‘कसे आहात’ असे विचारत नसे. ‘तुमचं इथंच ना?’ एवढेच विचारीत.

आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल श्रीपाद यांचे अजून ठरायचे होते. मी तिथे बालविभाग सांभाळत असे, म्हणून हे सारे माझ्या डोळ्यांदेखत झाले. त्यांची बायको पद्मा लष्करातल्या शाळेत शिकवायची. तिची नोकरी हलणारी नव्हती. श्रीपाद भोपाळला गेले असते तर एका संसाराच्या दोन चुली झाल्या असत्या.

उपसंचालकसाहेबांनी तोडगा काढला. छायाचित्रणाच्या आरंभीच्या इतिहासावर प्रदर्शन भरवायचे. “बस, एक भी शिकायत नहीं आनी चाहिए,” साहेब म्हणाले. “फिर आपका पद ग्वालियर में ही समझिए.”

श्रीपादांनी जीव ओतला. घडीचे कॅमेरे आणले. माणूस हलू नये म्हणून मानेमागे लावायचा लोखंडी चिमटा मिळवला. आणि मधल्या भिंतीवर मांडले काचेवरचे एक जुने दरबारचित्र. अशा काचेमागे काळे मखमल लावले तरच चेहरे दिसतात. चित्रात मधोमध रिकामी गादी होती. गादीचे धनी यायचे होते, पण काचेवरचे औषध वाळायच्या आत चित्र घ्यावे लागे, आणि वाळणारी काच कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. गादीच्या उजवीकडे उघड्या अंगाने राजोपाध्ये, डावीकडे एक सरदार आणि मागे रांगेत शिलेदार.

श्रीपादांची चूक एवढीच झाली, की त्यांनी खाली खरी माहिती लिहिली : ‘ही काच फिरवून लावल्यास उजवे डावे होते.’

उद्घाटनाआधी प्रदर्शन प्रतिष्ठितांना दाखवण्याची रीत होती. राजोपाध्यांचे पणतू माधवराव आले, पणजोबांना गादीच्या उजवीकडे पाहून समाधानाने मान डोलावून उभे राहिले. सरदारांचे पणतू जयसिंहराव आले आणि त्यांनी चिठ्ठी वाचली.

“म्हणजे काच फिरवली की उजवीकडे आमचे पणजोबा?”

“हो सरकार, पण मग चित्र उलटं होईल.”

“उलटं कोणतं आणि सुलटं कोणतं, याचा फैसला कोण करणार?”

“तलवारी बघा ना,” श्रीपाद म्हणाले. “आत्ता डाव्या कमरेला आहेत. काच फिरवली तर उजवीकडे जातील.”

“आमचे पणजोबा डावखुरे होते.”

“आणि मागचे सगळे शिलेदार?”

“स्वामिनिष्ठ होते.”

माधवराव उसळले. “आणि आमच्या पणजोबांचं जानवं? फिरवलीत तर ते उजव्या खांद्यावर जाईल. तसं श्राद्धाला घेतात, जयसिंहराव!”

“मग असेल त्या दिवशी श्राद्ध.”

“कोणाचं?”

“पुरोहित तुम्ही, अन् विचारता आम्हाला?”

संध्याकाळपर्यंत दोन तक्रारी साहेबांच्या टेबलावर होत्या. साहेबांनी प्रकरण भोपाळला पाठवले. भोपाळहून तातडीचे उत्तर आले : नव्या राज्यात विलीन झालेल्या चारही घटकांच्या डाव्या-उजव्या बाजूंचे समानीकरण अद्याप व्हायचे आहे. ते होईपर्यंत कोणत्याही नागरिकास, मग तो हयात असो वा नसो, शासकीय भिंतीवर उजवीकडे दाखवू नये.

समिती बसली. भिंतच नको, असे एकमताने ठरले. काच दालनाच्या मधोमध दोरीने टांगावी. एका बाजूने माधवरावांनी पाहावे, दुसऱ्या बाजूने जयसिंहरावांनी. मग कोणाच्या तरी ध्यानात आले, की मखमल एकाच बाजूला लागते. सबब मखमल पक्षपाती ठरले आणि ते काढण्यात आले.

“मखमल काढलं तर काही दिसणार नाही हो,” श्रीपाद कळवळून म्हणाले.

“दिसण्याबद्दल कोणाची तक्रार आहे का?” साहेबांनी फाईल चाळून विचारले. तशी तक्रार खरोखरच नव्हती. श्रीपादांना पद्मा आठवली. त्यांनी मखमल काढून त्याची घडी घातली.

उद्घाटन झाले. माधवराव काचेच्या या बाजूला उभे राहिले, जयसिंहराव त्या बाजूला. काच स्वच्छ पुसलेली होती. तिच्यातून माधवरावांना जयसिंहराव दिसले आणि जयसिंहरावांना माधवराव.

“दिसले पणजोबा?” साहेबांनी विचारले.

“साफ दिसले,” दोघेही म्हणाले. “उजवीकडेच आहेत.”

मग बाकीच्यांची भीड चेपली. दाना ओलीतून, किल्ल्याखालून, साऱ्या लष्करातून कुटुंबेच्या कुटुंबे आली. ज्यांचे पूर्वज ग्वाल्हेरला या चित्रानंतर कधीतरी आले, त्यांनाही ते गादीच्या उजवीकडे सापडले. तक्रार एकही आली नाही. पद्माने घरी श्रीखंडासाठी चक्का टांगला.

तो पुरता गळायच्या आत भोपाळचा हुकूम आला. इतके निर्विवाद प्रदर्शन राज्यात दुसरे झाले नव्हते. असे प्रत्येक जिल्ह्यात व्हावे, म्हणून श्रीपाद यांना तात्काळ भोपाळ येथे रुजू होण्याचा बहुमान देण्यात येत होता.

“एवढे सगळे म्हणे पाहून गेले,” पद्मा मला म्हणाली, “एक तक्रार मीच करायला हवी होती गं.”

श्रीपाद भोपाळलाच निवृत्त झाले. त्यांच्या प्रदर्शनांत कोणाला काही दिसले नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोनदा प्रशस्तिपत्र मिळाले. पद्मा शाळेतच राहिली. उन्हाळ्याच्या सुटीत ती जायची, दिवाळीत ते यायचे. दोघांना एकत्र राहायला मिळाले तोवर दोघांचेही दात गेले होते. साहेब संचालक झाले. माधवराव गेले. त्यांच्या मुलाने वर्षश्राद्धाला जानवे उजव्या खांद्यावर घेतले, तेव्हा पंगतीला आलेले जयसिंहराव सर्वांना ऐकू जाईल असे खाकरले. पुढे तेही गेले. त्यांचा नातू दर्पण कॉलनीत राहतो. त्या घरात एखादे पोर डाव्या हाताने लिहू लागले की पेढे वाटतात.

वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ते चित्र समोरासमोरच्या पानांवर दोन्ही बाजूंनी छापले. त्यानंतर गावात पार हरिशंकरपुरम वस्तीपर्यंत ज्या ज्या घरी मी गेले, तिथे एक पान चौकटीत आणि दुसरे फाडलेले पाहिले. तुमच्या घरची प्रत मी पाहिलेली नाही. पण एक पान तुम्हीही ठेवलेच असेल, आणि तुमचे पणजोबा तर त्या चित्रात नव्हतेही.