काचेवरचा साक्षीदार

आमच्या वरच्या मजल्यावरच्या चिमोटे काकांना ‘जेवलात का?’ असं विचारलं, तर ते आधी एक खणखणीत ढेकर देतात आणि मग म्हणतात, “हा घे पुरावा.”

काका जन्मभर कोर्टात बेंच क्लार्क होते. न्यायाधीश बदलले, वकील म्हातारे झाले, पण साहेबांच्या पुढ्यात बसून पुराव्याच्या वस्तूंवर निशाणी टाकणारे चिमोटे काही हलले नाहीत. निवृत्त झाल्यावर ते पुराव्याची सवय तेवढी घरी घेऊन आले. दूध फाटलं की चिमोटे काकू त्याचा कलाकंद करायला निघतात आणि काका पातेलं अडवून धरतात, कारण सकाळी दूधवाल्याला काय दाखवायचं? मी दहावी पास झाल्यावर पेढे घेऊन वर गेले, तेव्हा पेढा हातात धरून त्यांनी मला विचारलं होतं, “मार्कशीट कुठं आहे वं पोरी?” मी धावत खाली जाऊन मार्कशीट आणली, तेव्हा कुठे तो पेढा त्यांच्या तोंडात गेला.

कौतुक हा प्रकार त्यांना जमत नाही. काकूंच्या पाटोडीच्या रश्श्यासाठी आमची अख्खी कॉलनी जीव टाकते. काका वाटी पुसून खातात आणि म्हणतात, “हरकत नाही.” त्यांच्याकडून याच्या वरची पावती मी कोणाला मिळालेली पाहिली नाही. काकूंनाही नाही.

अपवाद एकच, त्यांची पांढरी गाडी. एवढ्या वर्षांत तिच्यावर ओरखडा नाही, हे ते अनोळखी माणसालाही सांगतात आणि लगेच गाडीभोवती फिरवून आणतात. पण गेल्या दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. “काही नाही वं, डोळ्याले थोडा आराम द्या म्हणे,” काका म्हणाले आणि विषय संपला. पुढच्याच आठवड्यात साठी उलटलेल्या काकू ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत उशी घेऊन बसल्या. उशी अशासाठी की काकू बेताच्याच उंच आहेत. चार महिन्यांत त्यांनी लायसन्स काढलं. मला इतका अभिमान वाटला की मी अख्ख्या ऑफिसला सांगत सुटले.

सगळ्यांनाच तसा वाटला नाही. तळमजल्यावरचे खोरगडे फाटकापाशी काकूंच्या देखत म्हणाले, “चला बाप्पा, आता आपापल्या गाड्या झाकून ठेवा!” काकू मान खाली घालून जिना चढून गेल्या. काका मात्र तिथेच उभे राहिले.

“तुमच्याजवळ पुरावा आहे का, खोरगडे?”

“होईन ना लवकरच,” खोरगडे हसले.

“मंग आयका. ही माही बायको गाडी घेऊन खाप्याले जाईन अन् वापस येईन. कुठं काही चुकलं तर गाडी विकून टाकतो. अन् नाही चुकलं, तर तुमाले समोर बसवून पुरावा दाखवतो.”

खापा हे काकूंचं माहेर. आजवर त्या तिथे काकांच्या शेजारी बसूनच गेलेल्या. आता गाडी आणि काकूंची अब्रू, दोन्ही पणाला लागली होती आणि पुरावा देणार होता गाडीच्या पुढच्या काचेवर लावायचा, रस्ता टिपणारा कॅमेरा. तो घ्यायला काकांनी मलाच पकडलं, कारण माझ्या स्कूटीचा इन्शुरन्स मी मोबाईलवर भरते आणि म्हणून मला यंत्रातलं सगळं कळतं.

आम्ही मेट्रोने बर्डीवरच्या बाजारात गेलो. स्टेशनपासून दुकानापर्यंत काकांनी माझा दंड सोडला नाही. “गर्दी आहे वं, तू हरवशील,” म्हणाले. मला दोन मुलं आहेत. दुकानात पोचल्यावर डबीवरचं सगळं मलाच वाचायला लावलं. चष्मा घरी राहिला म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

खरा खटला पेटला तो मेमरी कार्डावरून. दुकानदार म्हणाला, “अंकल, टेन्शन नहीं. कार्ड भर गया तो पुराना अपने आप मिट जाता है, नया उसके ऊपर चढ़ जाता है.”

काकांनी हातातली डबी काउंटरवर ठेवली. “म्हणजे पुरावा आपोआप नष्ट होते? अन् तुम्ही हे खुशाल विकून राहिले?”

दुकानदाराने दुसरा मार्ग सुचवला, रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवायचं, म्हणजे कार्डाची भानगडच नको. “साक्षीदार हवेत लटकवून ठेवू का?” काकांनी विचारलं. मग मोबाईलचं साधं कार्ड निघालं. पण कॅमेऱ्यात ते रोज लिहून रोज पुसलं जातं, त्यामुळे लवकर दम तोडतं, असं दुकानदारानेच कबूल केलं. शेवटी कॅमेऱ्यासाठीच बनवलेलं, जास्त टिकणारं, दुकानातलं सगळ्यात मोठं कार्ड निघालं. कॅमेऱ्याला एक लाल बटण होतं. ते दाबलं की त्या वेळचं रेकॉर्डिंग कुलूपबंद, मग त्याच्यावर दुसरं काही चढत नाही. काकांनी ते बटण बोटाने चार-पाच वेळा चाचपून पाहिलं आणि म्हणाले, “हरकत नाही.” दुकानदाराला आपला केवढा गौरव झाला ते कळलंच नाही. त्याने वर सल्ला दिला, “अंदर बैटरीवाला मत लेना अंकल, नागपुर की गर्मी में फूल जाता है.” त्यासाठी मात्र काकांनी पुरावा मागितला नाही. नागपूरचा मे महिना त्यांना मान्य होता.

मग कॅमेरा लावायचा कसा, हा वाद. रबरी वाटीने काचेला धरणारा स्टँड बरा, की चिकटपट्टीचा? काकांनी रबरी वाटी घराच्या पश्चिमेच्या खिडकीला चिकटवली, तिला काकूंचा अडकित्ता बांधला आणि समोर खुर्ची टाकून बसले. दुपारी ऊन काचेवर आलं तशी वाटी सैल झाली आणि अडकित्ता खालच्या तुळशीच्या कुंडीत पडला. “साक्षीदार फितूर,” काका म्हणाले. चिकटपट्टी पक्की ठरली. पण ती एकदा लागली की निघत नाही, तेव्हा जागा चुकून चालणार नव्हतं. मग काकूंना उशीसकट स्टिअरिंगवर बसवलं आणि काकांनी कणकेचा गोळा करून त्यावर कॅमेरा बसवून पाहिला. अठी दिसते का? तठी आड येते का? काकू ‘थोडं वर जी’, ‘थोडं डावीकडं जी’ सांगत होत्या आणि काका कणीक सरकवत होते. शेवटी आरशाच्या मागची जागा ठरली. कणीक काकूंनी गायीला घातली.

एका रविवारी सकाळी दोघंच निघाले. दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. संध्याकाळी गाडी फाटकातून अलगद आत आली आणि जागेवर लागली. काका उतरले आणि पुढच्या बंपरपासून मागच्यापर्यंत अख्ख्या गाडीवरून तळहात फिरवत गेले. मग गॅलरीतल्या खोरगड्यांना ओरडून म्हणाले, “या वर! सुनावणी आहे!”

काकांच्या हॉलमध्ये आम्ही चौघं बसलो. काकूंनी चिवडा दिला. मी कार्ड टीव्हीला जोडलं. रस्ता सुरू झाला. सावनेरच्या अलीकडे एक विटांनी भरलेला ट्रॅक्टर बाजूच्या वाटेवरून एकदम आडवा आला. गाडी शांतपणे थांबली, ट्रॅक्टर गेला, गाडी निघाली. खोरगड्यांच्या तोंडून “वा!” निघून गेलं. काका छाती काढून बसले होते.

“आवाज नाही का याले?” खोरगड्यांनी विचारलं.

“कॅमेऱ्याले कायचा आवाज?” काका म्हणाले. एवढी चौकशी, एवढ्या चाचण्या, पण कॅमेरा ऐकतोही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी रिमोटने पुन्हा ट्रॅक्टरपर्यंत मागे नेलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

“काहून थांबली वं?” टीव्हीतून काकांचा आवाज आला.

“ट्रॅक्टर होता जी. गेला.”

“एवढा मोठा ट्रॅक्टर? मले दिसलाच नाही वं.” गिअर पडल्याचा आवाज आला. “सुनंदा, मी असतो तर ठोकली असती. तू लय चांगली चालवते गाडी. माह्याहून चांगली.”

हॉलमध्ये कोणी चिवडा खाईना. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. बर्डीवर काकांनी माझा दंड का सोडला नव्हता, ते मला तेव्हा कळलं. मी घाईने रिमोट उचलला.

“राहू दे,” काका म्हणाले. “पुरावा आहे. पुरा आयकू द्या सगळ्याईले.”

खोरगडे उठले. काकूंपुढे उभे राहून म्हणाले, “काकू, माहं चुकलं. कधी बर्डीवर जासाल तर मले बी घेऊन जा जी.”

“मागच्या शीटवर बसा लागीन,” काकांनी परस्पर निकाल दिला. “समोर मी बसतो.”

खोरगडे गेले. काकू बश्या उचलून स्वयंपाकघरात गेल्या. मी कार्ड काढायला उठले, तर काकांनी हात धरला.

“पोरी, हे रेकॉर्डिंग कुलपात आहे ना? पुसत तर नाही?”

“नाही काका. निघताना लाल बटण तुम्हीच दाबलं होतं.”

“अन् आवाजही कुलपात?”

“आवाजही.”

“बरं झालं गड्या,” ते म्हणाले. “चित्र मले किती दिवस दिसन, डॉक्टर काही सांगून नाही राहिला. आवाज तर राहीन.”

मी रेकॉर्डिंग पहिल्यापासून पुन्हा लावून दिलं. काका डोळे मिटून ऐकत बसले. टीव्हीतल्या काकू सांगत होत्या, आता संत्र्याचे बगीचे लागले जी, आता शाळा गेली, आता कन्हान दिसून राहिली, पाणी कमी आहे, म्हशी बसल्या आहेत.

डोळे न उघडताच काकांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “सुनंदा, अठी ये वं लवकर! तुही गाडी खाप्यात शिरून राहिली!”